देवाचा दरबार

देवाचा दरबार हा मराठी ख्रिस्ती कवी व धर्मोपदेशक रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी इ.स. १९१७ मध्ये सातारा येथे सुरू केलेला भक्तिसंघ होय. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना या संघात स्थान होते. अंतःकरणाची भक्ती आणि बाह्य धर्माचार यांचा परस्परसंबंध काय, हा ख्रिस्ती धर्मातील जुना प्रश्न या संघामुळे महाराष्ट्रात प्रत्यक्ष व्यवहारात पुढे आला.

धर्मशास्त्रीय पार्श्वभूमी

या प्रश्नाची मुळे बायबलमध्येच आहेत. अन्यायाने वागणाऱ्यांची अर्पणे आणि उत्सव देवाला मान्य नाहीत, असे यशया व आमोस या संदेष्ट्यांनी बजावले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना व उपवास या तीन आचारांविषयी येशूची शिकवण आहे. लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या आचाराचे फळ लोकांच्या स्तुतीतच संपते, असा तिचा आशय आहे. येशूने हे आचार वर्ज्य ठरविले नाहीत. त्यांमागील हेतू तपासण्यास सांगितले. खरी सुंता अंतःकरणाची असते, हा विचार पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मांडला.

दुसऱ्या बाजूने, येशूने स्वतः योहानाकडून बाप्तिस्मा घेतला आणि शिष्यांना प्रभुभोजनाचा विधी लावून दिला. रोमन कॅथलिक पंथ सात संस्कार मानतो, तर बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच मानतात. त्यामुळे विधी असावा की नसावा, एवढाच हा वाद नाही. विधी हा श्रद्धेचा आरंभ, तिची खूण की तिची अट, असा खरा प्रश्न आहे.

टिळक दांपत्याचा अनुभव

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्याच्या वाचनाने त्यांचे मन ख्रिस्ताकडे वळले. तथापि कुटुंब व समाज यांच्याशी फारकत होईल या जाणिवेने बाप्तिस्म्याचा निर्णय लांबला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो भारतीय धर्मोपदेशकाच्या हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. मनाने शिष्य झालेला परंतु विधीच्या उंबरठ्यावर थांबलेला माणूस कसा असतो, हे टिळकांनी स्वतः अनुभवले होते. बाप्तिस्म्यानंतर त्यांना काही वर्षे पत्नी व मुलगा यांच्यापासून दूर राहावे लागले.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) नाशिकजवळील जलालपूरच्या. त्यांचे वडील कमालीचे सोवळे पाळीत. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी या सोवळ्याओवळ्याचे मिश्कील, पण त्यातील जाच न लपविणारे वर्णन केले आहे. पतीकडे परतल्यावरही प्रारंभी त्या वेगळी चूल व वेगळे पाणी ठेवीत. जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने केले, ही जाणीव झाल्यावर त्यांनी तो आचार सोडला. इ.स. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अर्थात त्यांच्या बाबतीत अंतःकरणातील पालट आधी घडला व विधी नंतर आला.

समकालीन पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा अनुभव याउलट क्रमाचा होता. त्यांनी इ.स. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला; परंतु त्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त मात्र नंतरच्या वर्षांत गवसला, अशा आशयाची कबुली त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात दिली आहे.

स्थापना व स्वरूप

अहमदनगर येथे टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले. 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे ते संपादक होते. तुकारामाच्या अभंगांचा आपल्या ख्रिस्तभक्तीशी असलेला ऋणानुबंध ते मोकळेपणाने सांगत. ख्रिस्ती उपासनेत भजन व कीर्तन रुजविण्याच्या कामी त्यांचा मोठा वाटा आहे. तथापि पाश्चात्य पोशाख, रीतिरिवाज व मिशनचा पगार यांच्या आवरणाखाली ख्रिस्त भारतीयांना परका वाटतो, असे त्यांचे मत होत गेले.

इ.स. १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीचा त्याग करून ते साताऱ्यास गेले. देवाचा दरबार हा त्यांच्या दृष्टीने नवा पंथ नव्हता. येशूला गुरू व प्रभू मानणाऱ्यांचे ते एक कुटुंब होते. बाप्तिस्मा घेतल्यास घरादाराला मुकावे लागेल, या भीतीने दूर राहिलेल्या भक्तांना त्यात प्रवेश होता. बाप्तिस्मा त्याज्य आहे, असे टिळकांचे म्हणणे नव्हते. शिष्यत्वाची ती पहिली पायरी असलीच पाहिजे, एवढेच त्यांना अमान्य होते.

आक्षेप व मर्यादा

या भूमिकेवर गंभीर आक्षेप घेता येतो. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा ही केवळ बाह्य खूण नव्हती. सर्वांसमक्ष एका नावाने ओळखले जाणे आणि प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीचे वाटेकरी होणे, यांत त्यांच्या माणूसपणाची मान्यता होती. उच्चवर्णीय भक्ताला मनातल्या मनात ख्रिस्ती राहण्याची मुभा दिली, तर त्याच्या घरातील जातीची चौकट अबाधित राहू शकते. अंतर्भक्ती खरी आहे की नाही याची कसोटी कधीकधी अशा उघड कृतीतच लागते, हे लक्ष्मीबाईंच्या वेगळ्या चुलीच्या उदाहरणावरूनही दिसते.

दरबाराची दुसरी मर्यादा व्यावहारिक होती. तो मुख्यतः टिळकांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाल्यावर तो फार काळ टिकला नाही. विधी व नियम माणसाची भक्ती शुष्क करू शकतात, हे टिळकांनी ओळखले होते. पण एका पिढीची भक्ती पुढच्या पिढीच्या हाती देण्याचे कामही बहुधा तेच करतात.

प्रभाव

संघ लोपला तरी टिळकांची भजने मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आजही गायिली जातात. त्यांनी अपूर्ण ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी इ.स. १९२२ मध्ये भारतीय आश्रमपद्धतीवर ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. ज्या मंडळीच्या चौकटीबाहेर टिळकांनी दरबार भरविला, त्याच मंडळीच्या रविवारच्या उपासनेत त्यांची भक्ती टिकून राहिली आहे.