पद्मिनीच्या पाट्यांचा ‘खट्’

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात घडवलेली फियाट ११०० पुढे ‘प्रीमिअर पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. मूळ रचना १९५३ ची, इटालियन: पुढे स्प्रिंगा, मागे टांग्यासारखे पाटे.

वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात. तेथील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता सपाट राहणे कठीणच. अशा हादऱ्यांनी पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश झिजतात. मग गाडी सुटताना वा ब्रेक दाबताच मागून एकच ‘खट्’ उमटतो. त्यासाठी पाटाच बदलणे हा उतावळेपणा, बुश पुरतो.

खड्ड्यातली सततची खडखड निराळी. गाडीचा कोपरा दाबून सोडावा. ती डोलतच राहिली, तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर निकामी.

मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. उरलेल्या खासगी गाड्यांना ही परीक्षा अजून लागू आहे.