मण्यांच्या विणीच्या पिशव्या
अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील स्त्रियांचा पोशाख बदलला. घेरदार झग्याखाली कमरेला बांधायचे खिसे नव्या पातळ, सरळ झग्याखाली लपेनात. म्हणून हातात धरायची, नाडीने आवळायची छोटी पिशवी रूढ झाली. १८०० नंतरच्या अर्धशतकात जर्मनी व ऑस्ट्रियात मण्यांच्या विणीच्या पिशव्या भरभराटीला आल्या. व्हेनिस आणि बोहेमियाचे बारीक काचमणी आधी दोऱ्यात ओवत. शेवटी ओवलेला मणी सर्वांत आधी विणला जाई, म्हणून ओवणी नमुन्याच्या उलट क्रमाने होई. मग बारीक पोलादी सुयांवर टाक्याटाक्याला मणी सरकवत. ओवताना एक मणी चुकला, तरी फुलाची पाकळी विस्कटे. चौकटींवर रंगवलेले छापील नमुने मिळू लागल्यावर ही कला घरोघरी पोहोचली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चामड्याच्या हँडबॅगा आल्या आणि हे चिकाटीचे काम मागे पडले.