बीजगणिताच्या जागी

आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत तिची १९६२ सालची एस.एस.सी.ची गुणपत्रिका सापडली. तिच्यात बीजगणित नाही, भूमिती नाही. त्या जागी ‘शरीरशास्त्र व आरोग्यशास्त्र’. गुण उत्तम. आईला औषधनिर्माणशास्त्र शिकायचे होते, हे मला तेव्हाच प्रथम कळले. “सायन्सला कोण घेणार? गणित कुठं होतं माझं?” ती म्हणाली. आठवीत बाईंनी विचारले, सगळ्या मुलींनी हात वर केले, संपले. मी शिक्षणशास्त्राचा पदवीधर नाही. पण त्या एका ओळीने मला जुन्या अहवालांकडे वळवले.

या सवलतीची मुळे सद्भावनेत आहेत. धोंडो केशव कर्वे १८९१पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा मातृभाषा हे माध्यम ठेवले, गृहजीवनाला उपयोगी विषय आवश्यक केले आणि गणित ऐच्छिक. गणिताच्या प्राध्यापकानेच असे का करावे? मला वाटते, मॅट्रिक जिच्या आवाक्याबाहेर होती, तिला निदान शिकता यावे, हा त्यांचा हिशेब होता. तो खोटाही ठरला नाही. हजारो स्त्रिया शिकल्या. मात्र विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर. तोवर ‘गृहीतागमा’ झालेल्या स्त्रीची पदवी सरकारदरबारी चालत नव्हती. एक दार उघडले, त्याच्या पुढची दारे बंदच राहिली.

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. विषयांचे सात गट केले, त्यांत गृहविज्ञान हा एक. हेतू आवडीनुसार शिक्षण देण्याचा. पण तेरा-चौदाव्या वर्षी मुलीची ‘आवड’ बहुधा घर आणि शाळाच ठरवत. हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली १९६२ साली नेमलेल्या समितीने नेमके यावर बोट ठेवले: मुलगा-मुलगी म्हणून अभ्यासक्रमात भेद नको. आई परीक्षेला बसली त्याच वर्षी ही समिती नेमली गेली, हे वाचताना मी थोडा वेळ थांबलो.

कोठारी आयोगाने १९६६ साली ती भूमिका उचलून धरली. पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सर्वांना आवश्यक, शाखा त्यानंतर. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे. १९७५ साली महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी झाली.

माझी थोरली बहीण १९८४ साली दहावी झाली. गणितावरून तिने घर डोक्यावर घेतले होते. पण ते सोडण्याची मुभा नव्हती. पुढे ती विज्ञान शाखेला गेली. ताईला दहावीपर्यंत निवड नव्हती, म्हणून दहावीनंतर निवड उरली. आईला निवड होती, म्हणून पुढे काही उरले नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांच्या भिंती सैल करून विषयनिवडीचे स्वातंत्र्य देऊ केले आहे. त्याला माझा विरोध नाही. मात्र विषय सोडण्याची मुभा देताना त्यामुळे पुढचे कोणते अभ्यासक्रम बंद होतात, हे मुलांना त्याच दिवशी सांगायला हवे. आईच्या वर्गात ते कुणीच सांगितले नव्हते.

गुणपत्रिका मी पुन्हा ट्रंकेत ठेवू लागलो, तर आई म्हणाली, “राहू दे बाहेर. नातीला दाखवायची आहे.” नात यंदा आठवीत आहे.