निश्चलतेची भूल

मराठीत भूल दोन प्रकारची असते. एक डॉक्टर देतात ती, आणि दुसरी माणसाला आपसूक पडते ती. या दोन्हींची गाठ जिथे पडली अशा औषधांची हकीकत आज आपल्यापुढे मांडायची आहे. ही औषधे स्नायू सैल करतात. पोटाची, छातीची मोठी शस्त्रक्रिया आज बहुधा त्यांच्याच आधाराने होते.

आधी हैदराबादला जाऊ. आपल्यापैकी अनेकांची घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, पण त्या शहराने भुलेच्या इतिहासात आपले नाव कसे कोरले हे फारसे सांगितले जात नाही. त्या काळी क्लोरोफॉर्म किंवा ईथर या एकाच औषधाने तीन कामे करायची असत: रुग्णाला झोपवणे, वेदना घालवणे आणि स्नायू ढिले पाडणे. पहिली दोन थोड्या औषधात साधत. तिसऱ्यासाठी मात्र, विशेषतः पोट उघडायचे असेल तर, रुग्णाला इतके खोल न्यावे लागे की श्वास थांबण्याचीच भीती. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने 1888 साली निझामाच्या राज्यात क्लोरोफॉर्म आयोग नेमला गेला. मृत्यू हृदय बंद पडून होतो की श्वास थांबून, हा त्याच्यापुढचा प्रश्न. आयोगाचे उत्तर ठाम होते: नाडी पाहत बसू नका, श्वासावर नजर ठेवा. लंडनच्या ‘लॅन्सेट’ला ते पटले नाही. मग निझाम सरकारने पैसे दिले, लॉडर ब्रंटन यांच्यासारखा मातब्बर शास्त्रज्ञ इंग्लंडहून हैदराबादला आला, आणि 1889 च्या दुसऱ्या आयोगानेही तोच निकाल दिला. तो निकाल अर्धाच खरा होता. हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदय एकाएकी दगा देऊ शकते, हे लेव्ही यांनी 1911 साली दाखवले. पण श्वासावर नजर ठेवण्याचा सल्ला सोन्यासारखा होता. श्वासाची लय, डोळ्यांची बाहुली, हातापायांची हालचाल, एवढ्याच खुणांवरून रुग्ण किती खोल झोपला आहे हे वाचायचे असे. पुढे आलेल्या औषधाने नेमक्या यांतल्या मुख्य खुणाच पुसून टाकल्या.

ते औषध म्हणजे क्युरारे. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातले शिकारी बाणाच्या टोकाला लावत ते वेलींचे विष. बाण लागलेले जनावर तडफडत नाही, मुकाट्याने गळून पडते. चार्ल्स वॉटरटन यांनी 1814 साली लंडनमध्ये एका गाढविणीला हे विष देऊन, तिच्या श्वासनलिकेत भात्याने हवा भरत ठेवली. विष उतरले, गाढवीण उठली आणि पुढे कैक वर्षे जगली. म्हणजे विषाने मरण येत होते ते केवळ श्वासाचे स्नायू थंडावल्यामुळे. पॅरिसचे क्लोद बर्नार यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांनी बेडकाच्या एका मागच्या पायाचा रक्तपुरवठा बांधून टाकला आणि मग क्युरारे दिले. सारा बेडूक लुळा पडला, पण विष न पोचलेला तो एक पाय मात्र, अंगावर दुसरीकडे चिमटा काढला तरी झटकला जाई. बेडकाला कळत होते. मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावरच निरोप अडत होता. 1864 साली सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या लेखात बर्नार यांनी हे भीषण सत्य स्पष्ट मांडले की, या निश्चल देहात जाणीव जिवंत असते.

वाचकहो, हे 1864 साल लक्षात असू द्या.

23 जानेवारी 1942 रोजी माँट्रियालमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकारी एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत एका तरुणाला क्युरारेचे शुद्ध केलेले औषध टोचले. रुग्ण आधीच वायूने झोपवलेला होता; औषधाने पोटाची भिंत अशी मऊ पडली की सर्जनला हवे ते मिळाले. आता खोल विषारी झोपेची गरज उरली नाही. लिव्हरपूलच्या ग्रे आणि हॉल्टन यांनी 1946 साली हजाराहून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. झोपेसाठी एक, वेदनेसाठी दुसरे, सैलपणासाठी तिसरे, अशी कामांची वाटणी रूढ होत गेली. म्हातारे, अशक्त, हृदयरोगी अशा ज्यांना पूर्वी टेबलावर घ्यायलाच डॉक्टर कचरत, त्यांची शस्त्रक्रिया शक्य झाली. हा उपकार लहान नव्हे.

पण इथेच दुसऱ्या अर्थाची भूल पडली. क्युरारे स्वतःच गुंगी आणते असे काही डॉक्टरांना वाटू लागले आणि एकट्या क्युरारेवर रुग्णांच्या, अगदी मुलांच्याही शस्त्रक्रिया झाल्या. रुग्ण हलत नाही, ओरडत नाही, मग आणखी काय हवे? शेवटी डॉक्टरांनी स्वतःलाच टोचून घेतले. इंग्लंडमध्ये प्रेस्कॉट यांनी हा भयानक अनुभव घेतला. अमेरिकेत स्कॉट स्मिथ यांनी श्वास पूर्ण थांबेल याच्या अडीचपट मात्रा घेतली. सहकारी हवा भरत राहिले. ऐकू येत होते, टोचलेले कळत होते, विचार लख्ख होते, असे त्यांनी 1947 साली नोंदवले. बर्नार यांचा बेडूक हेच सांगत होता, पण माणसाने सांगेपर्यंत ते कुणी मनावर घेतले नाही.

श्वासाचेही तसेच. बीचर आणि टॉड यांनी 1948 ते 1952 या काळातल्या अमेरिकेतल्या 10 रुग्णालयांमधल्या सुमारे 6 लाख भुलींचा हिशेब 1954 साली मांडला. स्नायू सैल करणारे औषध दिलेल्यांत भुलेमुळे मृत्यूचे प्रमाण सुमारे सहापट निघाले. वाद माजला. औषध विषारीच आहे असे बीचर यांचे म्हणणे; बाकीच्यांनी बोट ठेवले ते वापरणाऱ्यांवर. रुग्णाला स्वतःच्या दुबळ्या श्वासावर सोडले जात होते आणि औषध पुरते उतरायच्या आत वॉर्डात पाठवले जात होते. मला हे दुसरे म्हणणे अधिक पटते. 1952 सालच्या कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रबरी पिशवी दाबत लुळ्या रुग्णांना श्वास देत राहिले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. श्वास आपण घ्यायला हवा, हे वॉटरटनच्या भात्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी नव्याने शिकले गेले. पुढची औषधे अधिक सुटसुटीत आली. त्यांपैकी काहींचा अंमल मिनिटांत उतरवणारे सुगमाडेक्स युरोपात 2008 साली आले.

सर्वांत जड प्रकरण तान्ह्या बाळांचे आहे. अगदी नवजात मुलांना वेदना नीट कळत नाहीत, तीव्र वेदनाशामक मात्र त्यांना झेपणार नाही, अशी समजूत कित्येक दशके टिकली. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या छातीवर शस्त्रक्रिया करताना हसवणारा वायू आणि क्युरारे एवढ्यावर भागवले जाई. भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये अशा बाळांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचीच भूल, दुसऱ्याला तिच्या जोडीला फेंटानिल हे वेदनाशामक. वरून दोन्ही गटांतली बाळे सारखीच स्तब्ध. पण ज्यांना फेंटानिल नव्हते त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरके उसळली होती आणि शस्त्रक्रियेनंतरचा त्रासही त्यांनाच जास्त झाला. हे ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले 1987 साली. बर्नार यांच्या लेखाला तेव्हा 123 वर्षे झाली होती.

मग ही औषधे टाळता येत नाहीत का? पुष्कळदा येतात. जर्मनीच्या ऑगस्ट बीअर यांनी 1898 साली पाठीच्या कण्यात कोकेन देऊन खालचे अंग बधिर केले. आपण ज्याला ‘अर्धी भूल’ म्हणतो ती तिथून निघाली. तिने पोटही सैल पडते आणि रुग्ण स्वतः श्वास घेतो. हात किंवा पाय तेवढाच बधिर करता येतो. 1980 च्या दशकात आर्ची ब्रेन यांनी घशात बसवायचा मऊ मास्क काढला. त्यामुळे नळी घालण्यापुरते लागणारे शिथिलक अनेक लहान शस्त्रक्रियांतून वगळता आले. तरी मेंदू, हृदय, दुर्बिणीतून होणारी पोटाची लांबलचक कामे, इथे ती लागतातच. त्यांची किंमत 2014 च्या ब्रिटिश राष्ट्रीय पाहणीत आकड्यांनी दिसते. शस्त्रक्रियेत जाग आल्याची तक्रार पूर्ण भुलेच्या सुमारे 19,000 रुग्णांत एकाने केली. शिथिलक दिले असेल तर 8,000 त एकाने, नसेल तर 1,36,000 त एकाने. ज्याला हलता येते तो जागा होत असल्याचे वेळीच कळते, हे त्याचे साधे कारण.

हे ओळखायला मेंदूचे आलेख काढणारी यंत्रे आहेत. पण मला आवडते ती टन्स्टॉल यांनी 1977 साली सिझेरियनसाठी सुचवलेली युक्ती. शिथिलक देण्याआधी रुग्णाच्या एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे औषध त्या हातात उतरत नाही; मग कानाशी सांगायचे, जाग असेल तर माझे बोट दाबा. बेडकाचा तो बांधलेला पायच हा. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात 260 रुग्णांना नळी घातल्यानंतर असे विचारले गेले. बारा जणांनी हाताने उत्तर दिले.