तळटीप : मक्याचा गंध व परोपजीवी गांधीलमाशी

१. ग्रंथकर्त्याने येथे अळीच्या आक्रमणापुढे वनस्पती सर्वस्वी निरुपाय ठरते असे प्रतिपादन केले आहे. तथापि उत्तरकालीन संशोधनाने या विधानास महत्त्वाची पुरवणी जोडली आहे. अमेरिकेतील टर्लिंग्ज, टमलिन्सन व लुईस या शास्त्रज्ञांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, मक्याच्या रोपाची पाने नुसती खरवडली असता जो हिरवट गंध तत्काळ दरवळतो तो अल्पावधीतच ओसरतो. परंतु त्याच जखमेवर लष्करी अळीच्या मुखातील स्राव लावला असता, काही तासांनी रोप टर्पिनॉइड वर्गातील बाष्पनशील द्रव्ये मुबलक प्रमाणात सोडू लागते, आणि त्यांचा माग काढीत कोटेशिया प्रजातीची चिमुकली गांधीलमाशी येऊन अळीच्या देहात अंडे घालते, जेणेकरून तिची संतती अळीवर पोसली जाऊन अळीचा अंत होतो. या स्रावातील ‘व्होलिसिटिन’ नामक द्रव्य १९९७ साली ओळखले गेले; त्यातील मेदाम्ल अळीस वनस्पतीपासूनच मिळते, त्यास ग्लुटामीनची जोड मात्र ती स्वतः देते; सबब आपल्याविरुद्धचा पुरावा अळी जणू स्वमुखानेच दाखल करिते. हा गंध केवळ कुरतडलेल्या पानांतून नव्हे, तर त्याच रोपाच्या अक्षत पानांतूनही निघतो. मात्र एवढ्यावरून वनस्पतीच्या ठायी हेतू वा जाणीव कल्पिण्यास आधार नाही. वाचकांनी मूळ विधान ही मर्यादा ध्यानी ठेवून वाचावे. — संपादक