मिलिंदाचे प्रश्न आणि वकिलाचे शिक्षण

श्रोतेहो, ज्याला कलमे तोंडपाठ तो वकील, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी, हे छत्रपती संभाजीनगरातल्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतल्या, एका महाविद्यालयाच्या नावावरून पाहू.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. त्याचा परिसर नागसेनवन. मिलिंद हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा, नागसेन बौद्ध भिक्षू. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात त्यांची प्रश्नोत्तरे आहेत. नागसेन आधीच अट घालतो : वाद पंडितांच्या रीतीने व्हावा, राजांच्या नव्हे. पंडिताचे म्हणणे खोडले गेले तरी तो रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने अट मानली. न्यायालयाचा पाया तरी दुसरा कोणता? तिथे जोर चालत नाही, पुरावा चालतो.

बाबासाहेब स्वतः कायद्याचे शिक्षक. १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. कायद्याच्या शिक्षणात सुधारणा कशी व्हावी, यावर १९३६ साली त्यांनी लेख लिहिला. नुसता कायदा पुरत नाही, जोडीला इतर विषयांचे ज्ञान हवे, असे त्यांचे म्हणणे होते.

ते किती खरे, हे अलीकडेच दिसले. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा आला. कलमांचे आकडे बदलले. पण ‘जो म्हणतो त्याने सिद्ध करावे’ हे तत्त्व कायम राहिले. आकडे घोकणाऱ्याची पंचाईत झाली, तत्त्व समजलेल्याची नाही.

गुरुजनहो, ही सवय शाळेतच लावता येते. बांधाचा तंटा घ्या. एक म्हणतो, शेजाऱ्याने बांध कोरला. मुलांनी विचारावे : कोणी पाहिले? मोजणी झाली का? जुनी खूण कोठे होती? पावसाने बांध वाहिला नसेल कशावरून? मग त्याच मुलांना शेजाऱ्याच्या बाजूने बोलायला लावा. आपली बाजू कुठे कच्ची आहे, ते त्यांना आपोआप कळेल. असे चार प्रश्न वेळीच विचारले, तर कोर्टाच्या कितीतरी खेपा वाचतील.

मात्र नागसेनाची अट विसरू नका. वर्गात राजे तुम्हीच असता. एखाद्या पोराने तुमचेच म्हणणे पुराव्यानिशी खोडले, तर रागावू नका. त्याला पुढचा प्रश्न विचारू द्या.