डॉलर वितळला, रुपया झाला

अमेरिकेत चांदीचे जुने डॉलर जमविणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. नाणे कोरे करकरीत हवे, असा त्यांचा कटाक्ष. हातोहात फिरून झिजलेले नाणे त्यांच्या लेखी हलके. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांची कसोटी निराळी. नाणे कुणाच्या हाती पडले, हे आम्ही आधी विचारतो.

जॉर्ज मॉर्गनने घडविलेला डॉलर १८७८ ते १९०४ या काळात कोट्यवधींनी पाडला गेला. सरकारने खाणींची चांदी विकत घ्यावी, असे कायदेच तिकडे झाले होते. पण पश्चिमेकडची राज्ये सोडली, तर ते जड नाणे लोकांना नकोसे होते. ते थैल्यांत भरून सरकारी तिजोरीत पडून राहिले.

पुढे पहिले महायुद्ध आले. हिंदुस्थानातून युद्धासाठी माल जाऊ लागला. त्याचे दाम रोख रुपयांत चुकते करावे लागत. चांदी अपुरी पडली, म्हणून १९१७ साली एक रुपयाची नोट निघाली. पण रयतेचा कागदावर विश्वास बसेना. नोटा मोडून रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली. राज्याची पत बुडण्याची वेळ आली, तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली.

एप्रिल १९१८ मध्ये सेनेटर की पिटमन यांच्या नावाचा कायदा झाला. त्यान्वये २७ कोटींहून अधिक डॉलर वितळविले गेले. पैकी सुमारे २५ कोटी ९१ लाखांची चांदी हिंदुस्थानसाठी निघाली. डॉलरात ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी, रुपयात १६५. म्हणजे एका डॉलराचे सव्वादोन रुपये. तिकडे तिजोरीत निजलेली चांदी इकडे शेतकऱ्याच्या, शिपायाच्या, मजुराच्या हाती खेळू लागली.

त्याच कायद्यात खाणमालकांचीही सोय होती. गेली तेवढी चांदी अमेरिकन खाणींकडून औंसाला एक डॉलर या ठरीव भावाने पुन्हा घ्यायची होती. बाजारभाव कोसळला, तरी हा भाव ढळला नाही. त्या चांदीतून १९२१ साली मॉर्गन डॉलर पुन्हा निघाला, आणि डिसेंबरात अँथनी डी फ्रान्सिसीचा 'शांतता डॉलर' आला. मालकाच्या मालाला भावाची हमी मिळाली. खाणीत उतरणाऱ्याच्या मजुरीला त्या कायद्यात हमी नव्हती.

कोणत्या सालचे किती डॉलर वितळले, याची नोंद कोणी ठेवली नाही. १८९५ साली फिलाडेल्फियात चलनासाठी १२,००० पाडल्याचे दप्तर सांगते, पण त्यांतला एकही आज कुणापाशी आढळत नाही. जे उरले नाही, त्याला संग्राहक मोल देतो. आपल्या घरी मात्र १९१८-२० चा झिजलेला रुपया असेल, तर तो मोडीत घालू नका. कदाचित त्यात त्याच डॉलरांची चांदी असेल. आणि त्याची झीज ज्यांच्या बोटांनी झाली, त्यांची नावे दुसरीकडे कोठेही लिहिलेली नाहीत.